अर्धशिशीचं घराणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि सागरतीर आरोग्य मंडळाचे कार्याध्यक्ष माननीय काशीरामभाऊ मयेकर, व्यासपीठावर स्थानापन्न झालेले मंडळाचे विश्वस्त, गावातली डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते डॉक्टर सहदेव रेवाळे, दवाखान्यातल्या सिस्टर, वॉर्डबॉय, आयाबाई, आणि चैत्राच्या या उकाड्यात हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी सगुणा भागोजी कळंबटे. इथल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करते. म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी कच्च्या प्रती वाचायच्या आणि चुका काढायच्या. तुमच्यातल्या पुष्कळांच्या लग्नपत्रिका आणि काहींच्या घरच्या दुःखाच्या बातम्या माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. आज मात्र मी इथे उभी आहे ती रुग्ण म्हणून. कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे, ‘रुग्णांच्या वतीने कृतज्ञतेचे दोन शब्द’. पत्रिका आमच्याच छापखान्यातली. ते ‘दोन’ मीच तपासले आणि तसेच जाऊ दिले. तेव्हा आता शब्द वाढले तर पंचाईत माझीच आहे.

अध्यक्षमहाराज, मघाशी आपण म्हणालात की डॉक्टर रेवाळे स्वेच्छेने मंडळाची सेवा सोडत आहेत. माझा धंदाच वाईट. असा शब्द दिसला की हात आपोआप समासाकडे जातो आणि तिथे प्रश्नचिन्ह काढतो. मंडळाच्या सभेत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा मला अधिकारही नाही. पण दवाखान्याच्या ओटीवर बाकावर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना एवढं कळलेलं आहे की डॉक्टर एकेका माणसाला फार वेळ घेतात अशी तक्रार होती. तक्रार खोटी नाही. मीही त्या बाकावर बसून चडफडलेली बाई आहे. पुढचा माणूस आत गेला की गेलाच! आत काय कीर्तन चाललंय काय, असं माझ्या शेजारची म्हातारी म्हणायची, आणि मी हसायची.

तर आत काय चालतं, ते सांगायला मी उभी आहे. त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल. आपण सांभाळून घ्याल अशी आशा करते.

माझं माहेर पूर्णगडच्या वरच्या अंगाला. खाडी सोडून डोंगराकडे चढलं की कातळ लागतो, त्याच्या पलीकडे आमची वाडी. भाताची शेती, थोडी नाचणी, चार काजूची झाडं. माझी आई येसूबाई. तिचा घोळणा फुटायचा. पावसात भाताची लावणी करताना ती वाकलेली असायची, आणि नाकातून रक्ताची धार चिखलात. ती पदराने नाक दाबून धरायची, कुणी तरी बांधावरून कांदा फोडून आणायचं, तो हुंगायची, आणि पुन्हा वाकायची. माझं नाक तसंच. माझा भाऊ सदू, त्याचंही तसंच. वाडीत लोक म्हणायचे, ‘त्यांच्या घराण्याचं नाक कच्चं हाय.’ झालं. त्यापुढे कुणी विचार केला नाही. एखाद्याच्या घराण्याचे केस कुरळे असतात, तसं आमचं नाक.

आणि दुसरं म्हणजे डोकं. मी मॅट्रिकला असताना एका दुपारी इतिहासाचं पुस्तक वाचत पडवीत बसले होते. पानावर उजवीकडे एक चमकता ठिपका आला. तो वाढत गेला. त्याच्या कडा दातेरी झाल्या, किल्ल्याच्या तटाला असतात तशा, आणि त्या दात्यांवर उजेड थरथरायला लागला. त्याच्या आतली अक्षरं नाहीशीच झाली. पान होतं, ओळी होत्या, पण अर्ध्या ओळीच्या पुढे काही नाही. मी घाबरून आईला हाक मारली. ती म्हणाली, “माज्या पण डोळ्याफुडं येतात तसं काजवं. आता तुजं डोकं दुखल. जा, काळोखात निज.” आणि खरंच, तो तट विरून गेला आणि डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली. ओकाऱ्या झाल्या. सूर्य मावळेपर्यंत मी माजघरात डोक्याला फडकं आवळून पडून होते.

अर्धशिशी! नाव तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. इथे बसलेल्या बायकांमध्ये निदान दहा जणींना असेल. आणि जिला असेल तिला हेही ठाऊक असेल की या दुखण्यावर औषध सांगता येत नाही असा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्माला यायचा आहे.

माझ्यावर काय काय झालं ते सांगू? कपाळाला सुंठेचा लेप. सूर्य उगवायच्या आत दूध आणि जिलेबी. जिलेबी चांगली लागायची, एवढं तिच्याबद्दल म्हणेन. देवाचा अंगारा. देवळात कौल लावला, तर देवाने सांगितलं की सासरच्या बाजूचं काही तरी आहे. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. लग्न झाल्यावर सासूबाईंनी, जाईबाईंनी, पहिल्याच वर्षी निकाल दिला. मी काळोख करून पडले होते. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “डोकं दुखतं म्हंजे काय गो? आमाला काय डोकी नायत?” त्यांनाही डोकं होतं, हे खरंच होतं.

आमचे यजमान, भागोजीराव, कधी टाकून बोलले नाहीत, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. ते दार लोटून घ्यायचे आणि भाताचा कुकर स्वतः लावायचे. पण एक दिवस तेही म्हणाले, “सगुणा, तुला कामावर जायचं नसतं त्या दिवशीच बरं दुखतं.” सहज बोलले. मी ते विसरलेले नाही. ते समोर बसले आहेत, आणि आता त्यांना कळतंय की मी विसरलेले नाही.

छापखान्यातली एक गोष्ट. एक लग्नपत्रिका तपासायला आली. मी वाचायला घेतली आणि तो दातेरी तट नेमका उजवीकडे उगवला. मला वाटलं, थोडं राहिलंय, संपवून टाकू. मी डोळे फिरवून फिरवून वाचलं आणि सही केली. पत्रिका छापून वाटली गेली. तिच्यात वराचं नाव होतं, वराच्या वडिलांचं होतं, मुहूर्त होता, आणि वधूचं नावच नव्हतं! हसू नका. मुलीचे वडील छापखान्यात आले तेव्हा कुणी हसलं नव्हतं. मालक भले माणूस, त्यांनी पुन्हा छापून दिलं आणि मला म्हणाले, “बाई, चष्मा करा.” मी चष्मा केला. आता मला तो तट आणखी स्पष्ट दिसायला लागला.

मग डॉक्टर. मी कुणाचं नाव घेत नाही. सगळे सज्जन होते. एकाने सांगितलं, पित्त. एकाने सांगितलं, दाढ. म्हणून दाढ काढली. दाढ गेली, डोकं होतं तिथेच राहिलं. एकाने विचारलं, घरात काही ताण आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग मूल झालं की जाईल. मूल झालं, त्याचंही आता शिक्षण संपत आलं. एकदा नाकातून फारच रक्त गेलं तेव्हा नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोळा बसवला. मी म्हटलं, माझं डोकंही दुखतं. ते म्हणाले, तो माझा विषय नव्हे. त्यानंतर मी डोक्यासाठी गेले की नाकाचं सांगत नसे, आणि नाकासाठी गेले की डोक्याचं सांगत नसे. दोघंही माझ्याच एका चेहऱ्यावर राहत होती, पण त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी असं कुणाला वाटलं नाही.

तुम्हाला वाटेल, ही बाई आभार मानायला आली आहे की भांडायला? खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की आभार मानेन. काल रात्री लिहून काढलं होतं. ते घरीच ठेवून आले.

कारण मला आता सदूबद्दल बोलायचं आहे.

सदू माझा पाठचा भाऊ. मुंबईला गोदीत कामाला होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बोटीतून काय काय उतरतं त्याच्या गोष्टी सांगायचा, आणि वाडीतली पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. त्याचाही घोळणा फुटायचा, त्यालाही अर्धशिशी. पण त्याला आणखी एक होतं. चढण चढताना त्याला दम लागायचा. धडधाकट गडी, पण कातळावरून घरी येताना दोनदा बसायचा. आणि त्याची नखं निळसर दिसायची. मीच त्याला म्हटलं होतं, “काय रे, छापखान्यात मी आणि शाई तुझ्या बोटांना?” तो हसला होता.

एका वर्षी शिमग्याला आला तेव्हा म्हणाला, दाढ दुखतेय, काढायला हवी. मुंबईला गेल्यावर काढली. त्यानंतर काही आठवड्यांत त्याचं डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. खोलीतल्या लोकांना वाटलं, नेहमीची अर्धशिशी. त्यालाही तसंच वाटलं. तो काळोख करून पडून राहिला, कारण आमच्या आईने आम्हाला तेच शिकवलं होतं. मग ताप चढला, उजवा हात चालेना. रुग्णालयात नेलं तेव्हा तो बोलत नव्हता. त्यांनी सांगितलं, मेंदूत गळू झालं आहे. त्यांनी प्रयत्न केले. सदू गेला. त्याने पस्तिशी गाठली नव्हती. मागे बायको तुळसा आणि मुलगी राही.

वाडीत लोक काय म्हणाले? मुंबईत प्यायचा, म्हणून मेंदू सडला. माझा भाऊ चहाशिवाय काही पीत नव्हता. पण मी कुणाकुणाला सांगत फिरणार? मेंदूत गळू कशाने होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. मग भांडू कशाच्या जोरावर?

त्यानंतर चार वर्षांनी डॉक्टर रेवाळे या दवाखान्यात आले. मी त्यांच्याकडे गेले ती थकव्यासाठी. रक्त कमी आहे, गोळ्या घेऊन येऊ, एवढाच विचार. बाकावर बसून बसून माझा जीव कंटाळून गेला होता. आत गेले तेव्हा मी रागातच होते.

डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले. मग म्हणाले, “जरा खिडकीकडे तोंड करून बसा.” मी बसले. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. परका पुरुष आपल्या ओठांकडे बघतोय, मला अवघडल्यासारखं झालं.

“हे लाल ठिपके कधीपासून आहेत?”

“मी पान खात नाही,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी काचेची एक पट्टी घेतली आणि ओठावर हलकेच दाबली. ठिपके दिसेनासे झाले. काच काढली, ठिपके परत आले. मग माझी बोटं बघितली. बोटांच्या टोकांनाही दोन-तीन होते. मी त्यांना आजवर शाईचे डाग समजत होते.

“नाकातून रक्त येतं?”

“येतं. आमच्या घराण्याचं नाकच कच्चं आहे.”

“घराण्याचं म्हणजे कुणाकुणाचं?”

अध्यक्षमहाराज, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी सांगितलं, आईचं, भावाचं. त्यांनी विचारलं, आई आहे का? गेली. कशाने? रक्त ओकून. भाऊ काय करतो? तोही गेला. कशाने? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावून घेतलं. बाहेर तुम्ही सगळे बाकावर बसला होतात, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“त्यांना दम लागायचा का? नखांचा रंग कसा होता?”

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, “डॉक्टर, भाऊ गेला त्याची नखं आता कशाला? मी माझ्यासाठी आलेय. माझं डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, मला गोळी द्या आणि जाऊ द्या. मला छापखान्यात जायचंय.”

डॉक्टर म्हणाले, “बाई, मला वाटतं तुम्ही, तुमची आई आणि तुमचा भाऊ, तिघांचं दुखणं एकच आहे. मला खात्री नाही. पण थोडं बसा.”

मी बसले. त्यांनी पाठीला नळी लावून फार वेळ ऐकलं. मग समजावून सांगितलं. ते मला जसं कळलं तसं तुम्हाला सांगते. आपल्या अंगात रक्त नेणाऱ्या नळ्या आणि परत आणणाऱ्या नळ्या असतात, आणि दोन्हींच्या मध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. काही घराण्यांत जन्मतःच काही ठिकाणी ते जाळं नसतं. जाणारी नळी येणाऱ्या नळीला थेट जोडलेली. नाकात असं झालं की घोळणा फुटतो. ओठावर झालं की ठिपका दिसतो. आणि फुप्फुसात झालं तर? ते म्हणाले, “तुम्ही नारळाचा रस गाळता ना? फडक्याला भोक असलं तर काय होतं?” मी म्हटलं, चोथा खाली येतो. “तसंच. फुप्फुस ही रक्ताची गाळणी आहे. तिला भोक असलं तर रक्ताला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून दम आणि निळी नखं; आणि जे अडायला हवं ते न अडता सरळ डोक्यात जातं. दाढ काढली की तोंडातले जंतू रक्तात जातात. तुमच्या भावाचं तसं झालं असावं.”

मी विचारलं, “आणि अर्धशिशी?”

“अशा माणसांत अर्धशिशी जास्त आढळते, असं मी पाहिलंय आणि थोडं वाचलंयही. का, ते पक्कं सांगता येत नाही. ज्याला अर्धशिशी आहे त्याला हे असतंच असंही मुळीच नाही.”

मला एकदम आठवलं की दाढ तर माझीही काढली होती. मी वाचले. सदू नाही वाचला. मी त्या खुर्चीत रडले नाही. मला राग आला. इतका राग आला की डॉक्टरांच्या टेबलावरची ती काचेची पट्टी उचलून फेकावीशी वाटली. कुणावर फेकणार? पित्त म्हणणाऱ्यांवर? दाढ काढणाऱ्यांवर? हे दुखणं दुर्मीळ, त्यांना तरी कसं सुचावं? पण नाकाचं विचारायला किती वेळ लागतो हो? ‘घरात आणखी कुणाला?’ एवढंच विचारायचं होतं.

छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला खाली एक गोल सावली होती. डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात आपल्या ओळखीच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवलं. तिथे नळीतून औषध सोडून पुन्हा फोटो काढले, आणि फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकला. जाण्यापूर्वी डॉक्टर रेवाळ्यांनी मला बजावलं होतं, “ऑपरेशन तुमच्या भावासारखं तुमचं होऊ नये म्हणून आहे. डोकं थांबेल असं वचन मी देत नाही.”

वचन न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते. जिलेबीवाल्यांनीसुद्धा वचन दिलं होतं.

आता तुम्ही वाट बघत असाल की मी म्हणेन, आणि मी बरी झाले. टाळ्या वाजवायला बरं पडेल. पण मी खोटं छापत नाही. दर आठवड्याला यायचं ते दुखणं आता महिना-दोन महिन्यांनी येतं. गेल्या आठवड्यातही आलं. नाकातून अजून रक्त येतं. या दुखण्याचं मूळ काढता येत नाही. ते आईकडून आलं, आणि पुढेही जाऊ शकतं. आई-बापांपैकी एकाला असलं तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला यायचा संभव निम्मा. माझ्या मुलाला डॉक्टरांनी तपासलं, त्याच्यात काही दिसलं नाही, पण लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

ती डाव्या हाताची ट्यूबलाइट मघापासून फडफडते आहे. कुणीतरी तेवढी बंद कराल का? उपकार होतील. माझ्यासारख्या माणसाला तो उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचतो... झाली. आभारी आहे.

तर मुलं. सदूची मुलगी राही. आता अकरावीत आहे. नाक कच्चं. डोकं दुखतं. मुंबईहून परत आल्या आल्या मी वाडीवर गेले आणि तुळसाला सांगितलं की हिला डॉक्टरांना दाखवू. तुळसा चुलीपुढे बसली होती. तिने वळूनही बघितलं नाही.

“नाव काढू नका, वन्स. पोरीला उद्या मागणं येल. घराण्यात रक्ताचा आजार हाय म्हटल्यावर उंबरठ्यावर कुत्रं तरी येल काय?”

मी सदूचं नाव काढलं. ती म्हणाली, “त्यांचं झालं ते झालं. माज्या पोरीला तुमी त्यात बसवू नका.”

मी पुन्हा गेले. पुन्हा तेच. शेवटी हे डॉक्टर, ज्यांना एका माणसाला फार वेळ लागतो, ते एका रविवारी एसटीने निघाले, फाट्यावर उतरून कातळ चढले आणि तुळसाच्या पडवीत जाऊन बसले. तिने चहा दिला. राहीला मात्र आतल्या खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही. डॉक्टरांनी चहा घेतला, म्हणाले, “तुमची भीती खोटी नाही. मला घाई नाही. कधीही या.” आणि परत आले. मला इतका वैताग आला! मी त्यांना म्हटलं, तुम्ही रागावायला हवं होतं. ते म्हणाले, “रागावलो असतो तर ती कधीच आली नसती.”

वर्ष गेलं. आणि गेल्या महिन्यात राही विहिरीवरून पाणी घेऊन आली, कळशी खाली ठेवली आणि आईला काही तरी सांगायला लागली, तर तोंडातून शब्दच येईना. डोळ्यांपुढे चमकत होतं, उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, ‘आई’ म्हणता येईना. थोड्या वेळाने बोलायला लागली आणि मग डोकं दुखलं. अर्धशिशीत असंही होतं म्हणतात. पण तुळसाने मुंबईच्या रुग्णालयात सदूचा हात तसाच बघितला होता. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने राहीला घेऊन एकटीच दवाखान्यात आली. मला कळवलंसुद्धा नाही. बाकावर बसून राहिली. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

राहीच्या फोटोत दोन सावल्या आहेत. लहान आहेत. वेळेवर कळल्या आहेत.

आणि त्याच आठवड्यात कळलं की डॉक्टर जाणार. स्वेच्छेने.

आज दुपारी मी तुळसाला विचारलं, सभेत तुमची नावं घेऊ का? मला वाटलं, नको म्हणेल. पण ती म्हणाली, “घ्या. ह्यांचं पण नाव घ्या. पिऊन नाय मेले, ते माईकवरनं सांगा.” म्हणून सांगते. सदू गोताड. गोदी कामगार. पिऊन मेला नाही. मायलेकी दोघी तिथे, दाराशेजारच्या बाकावर बसल्या आहेत. मागे वळून बघायचं असेल तर खुशाल बघा. आमच्या घराण्यात काय आहे ते आता तुम्हाला ठाऊक झालं आहे. ज्यांना आमच्याकडे सोयरीक करायची नसेल त्यांनी करू नये. पण आपापल्या घरी जाऊन, आपल्याकडे कुणाकुणाला काय होतं, एवढं विचारावं. उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटतो, अर्धशिशी हजारोंना असते. त्याने घाबरून जाऊ नका. पण पिढ्यान् पिढ्या नाक वाहत असेल, ओठांवर लाल ठिपके असतील, दम लागत असेल, तर काळोख करून पडून राहू नका. आमची आई तशीच पडून राहिली. सदूही तसाच पडून राहिला.

काशीरामभाऊ, आपल्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. दवाखाना आपल्या मंडळाने उभा केला नसता तर डॉक्टर रेवाळे इथे आलेच नसते, आणि मी आज उभी नसते. म्हणूनच आपल्याला सांगते. नवे डॉक्टर येतील, ते हुशार असतील, भराभर तपासतील, ओटी लवकर रिकामी होईल. बाक रिकामं झालं म्हणजे माणसं बरी झाली असं आपण धरू नये. मंडळाने बाहेर आणखी एक बाक टाकावं. आम्ही बसू. कुरकुर करू, पण बसू. आत माणसाला बोलायला वेळ मिळू द्या. एवढी एकच मागणी आहे, आणि ती कृतज्ञतेच्या भाषणात बसत नाही हे मला कळतं.

डॉक्टर, तुमच्याबद्दल मी फारसं बोललेच नाही. तुमचे आभार कसे मानायचे ते मला जमत नाही, कारण आभार मानायला गेलं की सदू आठवतो आणि राग येतो. तुम्ही चार वर्षं आधी का आला नाहीत, असा हा राग आहे. तो अन्यायाचा आहे, हे मला समजतं. आता आलात तर चालला आहात, याचाही राग आहे. तो मात्र अन्यायाचा नाही.

सर्व मान्यवरांनी मला बोलू दिलं, श्रोत्यांनी शांतपणे ऐकलं, मुलींनी स्वागतगीत गोड म्हटलं, हार-नारळांची व्यवस्था करणाऱ्यांनी ती नीट केली, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कमी पडले असेन, तर तो माझा अडाणीपणा समजून पोटात घालावा.

आणखी एक सांगायचं राहिलं. सोमवारी सकाळच्या मुंबईच्या गाडीने डॉक्टर निघणार आहेत. राहीला त्या शल्यचिकित्सकांच्या हाती ते स्वतः सोपवणार आहेत, असं त्यांनी आपणहून तुळसाला सांगितलं. त्याच गाडीत राही आहे, तुळसा आहे आणि मी आहे. खिडकीजवळची जागा राहीला दिली आहे. तेव्हा निरोप तुम्ही सगळ्यांनी द्या. आम्हाला त्यांच्याबरोबर जायचं आहे.

नमस्कार.